बेलफील्डची नववी खिडकी

१

बेलफील्ड या घराला दर्शनी बाजूने नऊ खिडक्या होत्या, पण आत उजेड यायचा तो आठांतूनच. नववी खिडकी आमोस ट्रेजेटने रंगवलेली होती. नुसता रंग दिलेली नव्हे, अख्खी खिडकीच रंगाची. घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावर, डाव्या टोकाला, आतून अडगळीची खोली आली. ट्रंका आणि टोप्यांच्या खोक्यांना उजेड हवाय कशाला? म्हणून तिथे भिंत सलग घातली. पण बाहेरून चार खिडक्या आणि पाचव्या जागी कोरी भिंत, म्हणजे हसणाऱ्याचा नेमका समोरचा दात पडलेला. इंग्लंडमधल्या लेमिंग्टनच्या टेकडीवरच्या रस्त्याला असलं खपत नसे. मग गिलाव्यात एक चौकट काढली, आणि चौकटीतलं बाकी सगळं आमोसने सफेत्यात आणि जवसाच्या तेलात उभं केलं. काच, काचेमागचा अंधार, अर्ध्यावर ओढलेला पिवळट गुंडाळीचा पडदा, पडद्याची दोरी आणि दोरीच्या टोकाचं लाकडी बोंडसुद्धा.

त्याचा हातच तसा होता. बेलफील्डमधले देवदाराचे दरवाजे त्याने रेषे काढून ओकचे केले होते, दिवाणखान्यातली काळ्या फरशीची शेकोटी संगमरवरी केली होती. "त्या घरात खरं असं काही असेल तर मालकांचं पोट," असं तो गुत्त्यावर म्हणायचा. एका वर्षी काचा पुसणारा नवा माणूस शिडी लावून नवव्या खिडकीलाही ओलं फडकं मारून आला, तेव्हा आमोसने आनंदाने सगळ्यांना बिअर पाजली होती.

घराच्या मालकीणबाई मिसेस ऑर्मरॉड म्हणजे शिस्तीचा कहर. घराचे सगळे पडदे बाहेरून एका रेघेत दिसले पाहिजेत, हा त्यांचा हुकूम. आता रंगवलेला पडदा काही हलत नाही. तेव्हा उरलेल्या आठांनी त्याच्या रेघेत यायचं. आमोसची मुलगी फीबी तिथे कामाला होती. एकोणीस वर्षांची, आई मेल्यापासून बापाची एकुलती एक. रोज सकाळी साडेसातला तिने फाटकापर्यंत जायचं, एक डोळा मिटून नवव्या खिडकीवरून रेघ धरायची, आणि वर-खाली झालेले पडदे आत जाऊन सारखे करायचे.

"अख्खं घर तुमच्या चित्राचं ऐकतं, बाबा," ती म्हणायची. "मीसुद्धा तुमचं इतकं ऐकत नाही."

दुसरा हुकूम चाकरांसाठी होता. मालक किंवा मालकीण समोरून आल्या की मोलकरणीने भिंतीकडे तोंड करून, खाली मान घालून उभं राहायचं, आणि त्या पुढे गेल्याखेरीज वळायचं नाही. फीबीला याचं हसू यायचं. आमोसच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. त्या घरातल्या निम्म्या भिंती त्याने रंगवल्या होत्या, आणि त्याच भिंतींकडे तोंड करून त्याची पोर उभी राहत होती.

दोन वर्षांपूर्वी मालकांची म्हातारी आई गेली. घरात मृत्यू झाला की सगळे पडदे पुरते खाली ओढायचे, ही तिथली रीत. आठ खाली आले, नववा अर्ध्यावरच राहिला, आणि रस्त्यावरचे लोक टोपी काढता काढता हसले. मिसेस ऑर्मरॉड यांनी त्याच दिवशी आमोसला बोलावून रंगवलेला पडदाही खाली करून घेतला. दफनविधी उरकल्यावर पुन्हा वर. "विटांनासुद्धा सुतक!" असं म्हणून गुत्ता आठवडाभर खिदळत होता. आमोसही हसला होता.

२

१८७४ च्या मार्चमध्ये मालक, मिस्टर ऑर्मरॉड, छातीत कफ भरून अंथरुणाला खिळले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर जिना उतरून आला, त्याने हातमोजे चढवले आणि हे रविवार काही बघत नाहीत, असं सांगून गेला.

तासाभरात आमोसला बोलावणं आलं. मिसेस ऑर्मरॉड दिवाणखान्यात बसल्या होत्या. गर्द हिरवा भिंतीचा कागद, काचेच्या घुमटाखाली पेंढा भरलेले पक्षी, खुर्च्यांच्या पाठीवर विणलेले रुमाल. इतकं सामान की माणसाने अंग चोरूनच उभं राहावं.

"ट्रेजेट, नववी खिडकी आज करून टाका. पुरती खाली."

आमोसला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "बाईसाहेब... पण साहेब अजून आहेत ना?"

"हवा दमट आहे. तुमचा रंग वाळायला दोन दिवस लागतात. मागच्या वेळी लोक सांत्वनाला आले तेव्हा तो ओला चकाकत होता. मला पुन्हा शोभा नकोय."

"बरं दिसत नाही हो ते. जिवंतपणी—"

"फीबीचं काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मी समाधानी आहे तिच्यावर."

एवढंच. आमोसला काय समजायचं ते समजलं. या घरातून शिफारसीची चांगली चिठ्ठी मिळाली तर फीबीला कुठेही जागा होती, न मिळाली तर कुठेच नव्हती. तो शिडी आणायला गेला.

स्वयंपाकघराच्या दारात गॅड्सबीबाई उभ्या होत्या. पंधरा वर्षं त्या घरात रांधणारी, तोंडाने फटकळ बाई. "अहो रंगारी, माणूस वर खोकतोय आणि तुम्ही त्याचं सुतक रंगवणार? लाज नाही वाटत?"

"वाटते," आमोस म्हणाला. "पण शिडी लावावीच लागेल."

कुणाला दिसू नये म्हणून त्याने चौकटीवर कॅनव्हास टांगला आणि त्याच्या आड उभं राहून काम केलं. शेजारचीच खिडकी मालकांच्या खोलीची. खोकला येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. आमोस पडदा खाली खाली आणत गेला आणि शेवटी बोंड चौकटीला टेकवलं. त्याच क्षणी खोकला थांबला. त्याने कान दिला. मग आतून चमचा बशीत ठेवल्याचा आवाज झाला, आणि म्हातारा नर्सवर खेकसला.

३

मिस्टर ऑर्मरॉड मेलेच नाहीत. शनिवारी घाम फुटून ताप उतरला, रविवारी त्यांनी अंडं मागितलं, सोमवारी मऊ अंडं आणल्याबद्दल गॅड्सबीबाईंना शिव्या घातल्या.

मिसेस ऑर्मरॉड यांनी आमोसला असं काही बोलावलं, की जणू त्यानेच डॉक्टर होऊन चूक सांगितली होती. "आजच्या आज वर घ्या तो पडदा. शेजारची कर्नलीणबाई विचारत होती, कोण गेलं म्हणून."

आमोसला हायसं वाटलं. त्याने जुन्या खुणेवर पडदा अर्ध्यावर आणला, खाली काच आणि अंधार भरला, घरी जाऊन झोपला. दोन दिवसांनी सकाळी रस्त्याने जाताना सवयीने वर पाहिलं. पडद्याची कड मधल्या दांड्याच्या वीतभर खाली होती.

फीबी फाटकापाशी उभी होती. एक डोळा मिटून तिने रेघ धरली, नाक मुरडलं आणि आत गेली. बघता बघता बाकीचे आठ पडदे एकेक करून वीतभर खाली आले.

"फीबी!" ती परत आल्यावर आमोस कुंपणावरून म्हणाला. "मी एवढा खाली काढला नव्हता गं."

"मग कुणी काढला? मी ब्रश धरला तर भिंतीला मिशा फुटतील." ती हसली. "वय झालं तुमचं, बाबा. रेघ हलली हाताची."

आमोसने स्वतःची समजूत घातली. खालचा थर पुरता वाळला नव्हता, त्यावर घाईने दुसरा दिला. तेल जास्त झालं की वरचा रंग पातळ पडतो आणि खालचा वर दिसू लागतो. असं होतं. त्याच्या बापाच्या हातूनही झालं होतं. तो वर चढला, जागा घासली, लाखेचा हात मारला आणि जाड सफेता घालून पुन्हा अर्ध्याची खूण पक्की केली. उतरताना त्याने पट्टीने मोजूनही ठेवलं.

शुक्रवारी पडदा दोन विता खाली होता. खालचा थर वर दिसत असता तर तो डाग पडल्यासारखा, कुठे जास्त कुठे कमी दिसायला हवा. हा सरळ होता. कडेला सावली होती, आणि सावली त्याने काढल्यापेक्षा बरी होती.

घरात मात्र कुणी काही म्हणालं नाही. दिवाणखान्यात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागला तेव्हा मिसेस ऑर्मरॉड यांनी वर बघून फक्त विचारलं, "रेघ एक आहे ना?"

"एक आहे, बाईसाहेब," फीबी म्हणाली.

४

फीबीला रविवारी दुपारची सुट्टी असे. ती आली, बापाच्या शेगडीपुढे बसली, पाव भाजायच्या काट्याला लावून धरला आणि उलटायचा विसरली.

"काय झालं?"

"हसाल तुम्ही."

"नाही हसत."

फीबी त्या अडगळीच्या खोलीतच झोपायची. म्हातारी आजारी असताना घंटा ऐकू यावी म्हणून तिला वरच्या माळ्यावरून तिथे आणलं होतं, आणि म्हातारी गेल्यावर परत पाठवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. खोलीला खिडकी नाही. दार लावलं की डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा काळोख.

"पण हल्ली सकाळी उजेड येतो, बाबा," ती पावाकडे बघत म्हणाली. "समोरच्या भिंतीवर, खाली, जमिनीलगत. आधी चांगला मोठा चौकोन होता. आता पट्टी उरली आहे, एवढी. रोज थोडी बारीक होते."

"दाराच्या फटीतून येत असेल."

"दार त्याच भिंतीत आहे. तिथून कसा येईल?" तिने काटा उलटा केला. "आणि टकटक होते. वारा असला की आपल्याकडच्या पडद्याचं बोंड काचेवर आपटतं ना, तशी. माझ्या उशाशी. विटांत."

आमोस उठून उभा राहिला. "काम सोड. आजच. आज जाऊच नकोस."

"आणि बाईसाहेबांना काय सांगू? माझ्या बापाने काढलेल्या चित्राला भ्याले?" ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "पंचवीस तारखेला, लेडी डेला, माझा करार संपतो. बुधवारी. सांगितलंय मी, पुढे राहणार नाही म्हणून. चिठ्ठी लिहून देणार आहेत. आज पळाले तर चोर ठरवतील. तीन दिवस, बाबा. तीन दिवसांत काय खाऊन टाकतंय ते मला?"

आमोसने मनात हिशेब केला. रोज साधारण वीतभर. चौकटीत उरल्या होत्या जेमतेम दोन.

"उद्या मी येतो," तो म्हणाला. "मागच्या जिन्याच्या दाराचं काम काढतो. मला ती खोली दाखव."

पाव करपला होता. फीबीने तो तसाच खाल्ला, आणि जाताना बापाने बांधलेली एप्रनची गाठ सोडून पुन्हा स्वतः बांधली. सगळ्या पोरी फुलपाखरासारखी गाठ बांधायच्या. ही आईसारखी साधी, घट्ट, दोन्ही टोकं खाली लोंबणारी बांधायची.

५

सोमवारी दहाच्या सुमाराला ती त्याला मागच्या जिन्याने वर घेऊन गेली. हिरव्या बनातीने मढवलेलं दार ढकललं की चाकरांची बाजू संपून मालकांची सुरू व्हायची. पायाखाली गालिचा यायचा आणि स्वतःचे पाय ऐकू येईनासे व्हायचे.

अडगळीची खोली दहा पावलांची. लोखंडी खाट, फीबीची पत्र्याची पेटी, एका कोपऱ्यात ट्रंका. भिंतीला दिवाणखान्यातलाच उरलेला हिरवा कागद लावलेला. फीबीने मेणबत्ती फुंकली आणि दार ओढून घेतलं.

उजेड होता. समोरच्या भिंतीवर जमिनीलगत, वीतभर रुंद, फिकट दिवसाचा उजेड. त्याच्या मधोमध एक छोटी गोल सावली लोंबत होती आणि अगदी हळू, डावीकडून उजवीकडे, हलत होती.

आमोसने वळून बाहेरच्या भिंतीवर दोन्ही हात ठेवले. हिरवा कागद, त्यामागे गिलावा, त्यामागे वीट. गार, ओलसर, सलग. त्याने बोटांनी ठोकून पाहिलं, कुठे पोकळ वाजत नव्हतं. याच भिंतीला बाहेरून तो सोळा वर्षं रंग लावत आला होता. तिला आरपार भोक नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तरी त्याच्या पाठीमागे उजेड पडला होता.

"चल," तो म्हणाला. "चिठ्ठी गेली खड्ड्यात. आपण दोघं रंगाचं काम करू. चल आत्ताच्या आत्ता."

"बाबा, उद्याचा एक दिवस—"

तेवढ्यात बोळातून रेशमी घागऱ्याची सळसळ आली. फीबीने दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात पोटाशी, मान खाली. आमोसने टोपी काढली. सळसळ जवळ आली. अगदी जवळ, हाताच्या अंतरावर आली, आणि थांबली.

बोळात कुणी नव्हतं. एका टोकाला हिरवं दार बंद, दुसऱ्या टोकाला जिन्याचं घड्याळ. मधे लाल गालिचा. आमोस टक लावून बघत राहिला. कापराच्या गोळ्यांचा वास येत होता, सुतकासाठी ठेवलेल्या काळ्या कपड्यांना येतो तसा.

"गेल्या का?" फीबीने न वळता, ओठ न हलवता विचारलं.

काय सांगणार होता तो?

"गेल्या," आमोस म्हणाला.

ती वळली, फिसकन हसली. "तुमचा चेहरा बघा! आज काही म्हणाल्या नाहीत ते नशीब. जा आता. बुधवारी सकाळी या, पेटी उचलायला."

आणि तो गेला. त्याने तिला खांद्यावर टाकून न्यायला हवं होतं. पुढे जन्मभर तो हेच म्हणत राहिला. पण खालून मिसेस ऑर्मरॉड यांची घंटा वाजली, फीबी धावली, आणि तो ब्रश घेऊन मागच्या जिन्याने उतरला.

६

मंगळवारी तो पहाटेपासून तिथेच घुटमळणार होता, पण पलीकडच्या गल्लीत एका दुकानाची पाटी द्यायची होती. ती देऊन टेकडी चढेपर्यंत साडेसात वाजून गेले.

बेलफील्डसमोर दूधवाला टोपी काढून उभा होता. पलीकडे कर्नलीणबाई हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन फाटकापाशी आली होती.

"गेले वाटतं अखेर म्हातारे," दूधवाला हळूच म्हणाला.

नऊच्या नऊ पडदे पुरते खाली होते.

आमोस धावला. दार मिस्टर ऑर्मरॉड यांनीच उघडलं, गाऊनमध्ये, लालबुंद, हातात अर्धा खाल्लेला टोस्ट. "हा काय चावटपणा आहे? लोक माझ्या दारात रडायला येतायत! कुणी ओढले हे पडदे?"

"फीबीने," मागून गॅड्सबीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "बाहेर जाऊन रेघ बघून आली. म्हणाली, आज सगळेच खाली. मी म्हटलं, अगं वेडे, असं कसं? तर म्हणाली, रेघ एक हवी. एकेक खोलीत जाऊन ओढले तिने. आठवा ओढलेला मी पाहिला. मग म्हणाली, माझ्या खोलीतलाही बघून येते."

"तिच्या खोलीत पडदा नाही!" आमोस ओरडला.

अडगळीच्या खोलीचं दार आतून कडी नसलेलं, नुसतं लोटलेलं होतं. आत पूर्ण काळोख. दिवा आणला. खाट नीट घातलेली होती. पेटीला पट्टा आवळलेला, बुधवारची तयारी. फीबी नव्हती. खाटेखाली नव्हती, ट्रंकांत नव्हती, माळ्यावर, तळघरात, कोळशाच्या कोठीत नव्हती. मागचा दरवाजा गॅड्सबीबाईंनीच लावला होता, त्यांच्या डोळ्यांसमोरून कुणी गेलं नव्हतं. दुपारी पोलीस आला, त्याने वहीत लिहिलं की मुलगी कुणाबरोबर तरी पळाली असावी. असल्या मुली पळतातच, असंही म्हणाला. गॅड्सबीबाईंनी त्याच्या अंगावर लाटणं उगारलं.

आमोसने कुणालाच विचारलं नाही. शिडी लावली, खरवडायची पट्टी घेतली आणि खिडकी सोलायला सुरुवात केली. पडदा सोलला, दोरी सोलली, सोळा वर्षांचे थर पापुद्र्यांनी खाली बागेत पडले. गिलावा उघडा पडला. मग त्याने छिन्नी घातली. गिलाव्यामागे वीट निघाली, विटेमागे दुसरी वीट, आणि तिच्यामागे आतला गिलावा आणि हिरव्या कागदाची पाठ. भोकातून त्याला रिकामी खाट दिसली.

"फीबी!" त्याने भोकाला तोंड लावून हाक मारली. लोक त्याला खाली ओढेपर्यंत तो हाक मारत होता.

७

भिंत बुजवली गेली. मिसेस ऑर्मरॉड यांनी झाल्या प्रकाराबद्दल आमोसला माफ केलं, असं त्या सगळ्यांना सांगत. नववी खिडकी पुन्हा काढायला सांगितलं, तेव्हा तो निमूटपणे आला. गॅड्सबीबाईंना वाटलं, हा माणूस संपला. पण आमोसला वेगळीच आशा होती. ती ज्या दारातून गेली ते दार आपण पुसून टाकलं होतं, एवढंच त्याला कळत होतं. त्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. काच अशी काढली की चिमणीने चोच मारावी. पडदा अर्ध्यावर.

महिन्याभरात नवी मोलकरीण तक्रार घेऊन गॅड्सबीबाईंकडे आली. "मी रेघ बघायला जाते तेव्हा काही करायला उरतच नाही हो. आठ मी कसेही ठेवले तरी नववा आधीच जुळलेला असतो."

मिसेस ऑर्मरॉड खूश झाल्या. इतकी नीट रेघ बेलफील्डला कधी नव्हती.

आमोस रोज सकाळी साडेसातला समोरच्या फुटपाथवर उभा राहायला लागला. आठ पडदे हलायचे, थांबायचे. मग क्षणभराने नववा हलायचा. बोटभर वर, पुन्हा थोडा खाली, आणि रेघेत. त्याला रडू यायचं आणि बरंही वाटायचं. "ती आहे आत," तो गॅड्सबीबाईंना म्हणाला. "काम करतेय. तिच्याशिवाय इतकं नेमकं कोण करणार? रेघ धरायला तिला मीच शिकवलं होतं."

गॅड्सबीबाईंनी त्याला वेड्यात काढलं नाही. त्यांनीही तो पडदा हलताना पाहिला होता.

"मला एकदा तिला बघू दे," आमोस म्हणाला. "आठही पडदे पार वर घ्या. म्हणजे तिलाही घ्यावा लागेल."

त्याने आधी मिसेस ऑर्मरॉड यांना विचारून पाहिलं होतं, टोपी छातीशी धरून, पाच मिनिटांसाठी. त्यांनी खिडकीकडे आणि मग खाली पाहिलं होतं. "दक्षिणेचं ऊन आहे, ट्रेजेट. गालिच्यांचा रंग उडेल."

जूनमधल्या एका रविवारी मालक-मालकीण चर्चला गेले. गॅड्सबीबाईंनी नव्या मोलकरणीला बरोबर घेतलं. आमोस शिडी चढून नवव्या खिडकीशी गेला आणि काचेला, म्हणजे स्वतःच्या रंगाला, तोंड जवळ नेऊन थांबला. ऊन लख्ख होतं. घरातून पडद्यांच्या चक्रांची करकर ऐकू येऊ लागली. खालचे चार वर गेले. वरचा पहिला, दुसरा, तिसरा. शेजारची खिडकी सताड उघडी पडली आणि तिच्यातून गॅड्सबीबाईंनी मान डोलावली.

नववा पडदा हलला.

तो अगदी सावकाश वर जाऊ लागला. काचेमागे खोली होती. जमिनीवर पेटी, पेटीचा पट्टा. खाटेचा पाय. मग बूट दिसले, आणि आमोसच्या तोंडून हुंदका फुटला, कारण त्या टाचांना लोखंडी नाल त्याने स्वतः ठोकली होती.

टाचा. टाचा त्याच्याकडे होत्या.

पडदा वर जात होता. छापील कापडाच्या झग्याची किनार दिसली, मग एप्रनची दोन लोंबती टोकं, मग साधी, घट्ट गाठ. फीबी पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात पोटाशी, मान खाली. दोरीपासून चांगली सहा पावलं दूर.

आणि दोरी हळूहळू वर सोडली जात होती. काचेच्या लगेच मागे, बोंडाभोवती, काळा हातमोजा घातलेली बोटं होती. त्यांना काही घाई नव्हती.

"खाली!" आमोस किंचाळला. "गॅड्सबीबाई, खाली घ्या! सगळे खाली घ्या!"

करकर झाली. एकामागून एक पडदे उतरले. नववाही उतरू लागला. गाठ गेली, किनार गेली, टाचा राहिल्या. आमोसने कपाळ काचेला टेकवलं होतं. रंगाचा वास येत होता, आणि त्यात कापराच्या गोळ्यांचा. तेवढ्यात आतून, विटांच्या पलीकडून, ओठ न हलवता बोलावं तसं, कुणीतरी विचारलं.

"बाबा, गेल्या का?"

आमोसने तोंड उघडलं. काळी बोटं अजून दोरीवर होती. त्याला खोटं बोलता आलं नाही, आणि खरं सांगायची हिंमत झाली नाही. तो शिडीवर तसाच उभा राहिला. बोंड चौकटीला टेकलं, एकदा टकटकलं, आणि बेलफील्डचे नऊही पडदे एका रेघेत आले.